दोरी, काडी की मडकं? ‘ब्रेक’ या शब्दाची फोड

प्रश्न आधी थोडक्यात सांगते. विचारणाऱ्या ताई मराठी माध्यमात शिकल्या, आता पुण्यात एका कंपनीच्या ग्राहकसेवेत काम करतात. ‘ब्रेक’ या एकाच शब्दाचे साठ-सत्तर वाक्प्रचार त्यांनी वहीत उतरवून पाठ केले आहेत. तरी बैठकीत टीम लीड ‘लेट्स ब्रेक इट डाउन बिफोर वी ब्रेक फॉर लंच’ म्हणाला आणि त्यांची तारांबळ उडाली. पहिल्या ‘ब्रेक’ला वाटलं काहीतरी मोडलंय. दुसऱ्याचा अर्थ लागेपर्यंत सगळे डबे घेऊन उठलेसुद्धा. हे सगळे अर्थ लक्षात ठेवायची काही युक्ती आहे का, असं त्या विचारतात.

आहे. पण त्यासाठी आधी ती वही मिटून ठेवा. यादी पाठ करून हा शब्द कुणालाही आलेला नाही, मलाही नाही. गेली तीस वर्षं मी इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते. शेतीच्या माहितीपत्रिका, दवाखान्यातले संमतीपत्रांचे कागद, कोर्टाची कागदपत्रं, कंपन्यांचे अहवाल, सगळं हातून गेलंय. आणि माझी पहिली जाहीर फजिती याच शब्दाने केली.

तेव्हा मी एका शेती साप्ताहिकासाठी लेख भाषांतरित करत होते. इंग्रजी लेखात वाक्य होतं, ‘द मॉन्सून ब्रोक ऑन द टेन्थ ऑफ जून’. मी बिनदिक्कत लिहिलं, ‘१० जूनला पावसात खंड पडला.’ छपाईच्या आदल्या रात्री संपादकांचा फोन. ‘बाई, १० जूनला तुम्ही कुठे होतात? आमच्याकडे त्या दिवशी ओढ्याला पूर आला होता.’ मी लेख पुन्हा उघडला. गंमत म्हणजे त्याच पानावर खाली ऑगस्टबद्दल ‘अ लाँग ब्रेक इन द मॉन्सून’ असंही लिहिलेलं होतं, आणि तिथे मात्र खरोखरच पावसाचा खंड होता. तोच लेखक, तेच पान, तोच शब्द. एका ठिकाणी पाऊस सुरू, दुसऱ्या ठिकाणी बंद. मी शब्दकोशाचा हवाला द्यायला लागले तेव्हा संपादक म्हणाले, ‘धरण फुटलं म्हणजे पाणी थांबलं का हो?’

या वाक्याने माझं काम सोपं केलं. धरण फुटतं. मडकं फुटतं. दोरी तुटते. काडी मोडते. आपल्या भाषेत पाच वर्षांचं पोरही ‘दोरी फुटली’ किंवा ‘मडकं तुटलं’ म्हणत नाही. वस्तू पाहून क्रियापद आपोआप तोंडात येतं. आत काहीतरी भरलेलं किंवा कोंडलेलं असेल तर फुटणं, लांब चालत आलेलं काही असेल तर तुटणं, ताठ किंवा ठाम उभं असलेलं काही असेल तर मोडणं. इंग्रजीत फुटण्यातुटण्याला आणखीही शब्द आहेत, पण रोजच्या बोलण्यात या तिन्ही घरांची कामं एकटा ‘ब्रेक’ ओढतो. म्हणून ‘ब्रेक’ समोर आला की त्याचा अर्थ काय हे विचारूच नका. विचारायचं ते हे: इथे दोरी आहे, काडी आहे, की मडकं?

मडक्यापासून सुरू करते, कारण मराठी माणूस सगळ्यात जास्त तिथेच अडखळतो. ‘ब्रेक’ म्हणजे नुकसान, काहीतरी संपलं, असं आपल्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं. पण मडकं फुटलं की आतलं बाहेर येतं, आणि इंग्रजीत बऱ्याचदा सगळा भर त्या बाहेर येण्यावर असतो. ‘डे ब्रोक’ म्हणजे तांबडं फुटलं. ‘हिज व्हॉइस ब्रोक’ हे चौदा वर्षांच्या मुलाबद्दल असेल तर त्याचा आवाज फुटला, म्हणजे तो वयात येतोय. ‘वेव्हज् ब्रेक’, लाटा फुटतात. ‘शी ब्रोक आउट इन अ स्वेट’, तिला घाम फुटला. ‘हर वॉटर ब्रोक’ हे बाळंतपणाच्या कागदावर असेल तर पाणमोट फुटली, आणि तिथे भाषांतरकाराने पाण्याचा नळ आणला तर नर्सबाई त्याला दारात उभं करणार नाहीत. ‘वॉर ब्रोक आउट’, युद्धाला तोंड फुटलं. बघा, एकामागून एक किती जागी आपलं ‘फुटणं’ चपखल बसतं. इंग्रजी आणि मराठी एकमेकींच्या घरी कधी गेल्या नसतानाही त्यांनी पहाटेला, लाटेला आणि पोराच्या आवाजाला एकाच नजरेने पाहिलंय, याचं मला अजून नवल वाटतं.

माझ्या पावसाचंही तेच. महिनाभर आभाळ तापत असतं, ढग कोंडून राहिलेले असतात आणि एके दिवशी ते मडकं फुटतं. ‘द मॉन्सून ब्रोक’. उलट ‘ब्रेक इन द मॉन्सून’ ही दोरी आहे. चालू असलेल्या पावसाची दोरी मध्ये तुटली. हवामानशास्त्रात ती ठरलेली संज्ञा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये कमी दाबाचा मोठा पट्टा उत्तरेकडे हिमालयाच्या पायथ्याशी सरकतो, तिकडे धो धो पाऊस लागतो आणि महाराष्ट्रासकट मध्य भारत कोरडा पडतो. २०२३ चा ऑगस्ट आठवत असेल. देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. इंग्रजी अहवालात या अवस्थेला नुसता ‘ब्रेक’ पुरतो. मराठीत मात्र बोलणारा कोण त्यावर शब्द ठरतो. सरकारी कागदावर ‘पावसाचा खंड’. आठ दिवस झड लागल्यावर कोळपणीसाठी वाट पाहणाऱ्याला ‘उघडीप’. सोयाबीन माना टाकायला लागलं की तोच माणूस म्हणतो ‘पावसानं ओढ दिली’, ‘दडी मारली’. उघडीप म्हणजे सुटकेचा श्वास आणि ओढ म्हणजे काळजी. ‘ब्रेक’मध्ये यातलं काहीच दिसत नाही. ते तुम्हाला मागच्यापुढच्या वाक्यांतून काढावं लागतं.

मडक्याच्या घरात दोन खाचखळगे आहेत. पहिला बातमीचा. ‘द स्टोरी ब्रोक’ म्हणजे बातमी जगासमोर आली, एवढंच. आपण ‘बातमी फुटली’ म्हणतो तेव्हा ती वेळेआधी, कुणाच्या तरी हलगर्जीने किंवा फितुरीने बाहेर गेलेली असते. इंग्रजीत त्याला ‘लीक’ म्हणतात. म्हणून दहावीचा पेपर फुटला तर तो इंग्रजीत ‘ब्रोक’ होत नाही, ‘लीक’ होतो. आणि ‘ब्रेक द न्यूज टु हर’ हे तिसरंच. अपघाताची किंवा मरणाची बातमी हलकेच, बेताने तिच्या कानावर घालणं. टीव्हीवर लाल पट्टीत ओरडणारं ‘ब्रेकिंग न्यूज’ आणि हे कानावर घालणं एकाच शब्दातून आलेत, पण त्यांचा आवाज किती वेगळा आहे!

दुसरा खळगा तापाचा. ‘हिज फीव्हर ब्रोक’. हे वाचून एका नवशिक्या भाषांतरकाराने ‘ताप उफाळला’ लिहिलेलं मी पाहिलंय. प्रत्यक्षात ताप उतरलेला असतो. घाम फुटतो आणि अंग थंड होतं, हे चित्र डोळ्यांसमोर आणलं की चूक होत नाही.

आता काडी. हे घर आपल्याला सगळ्यात सोपं जातं, कारण इथे मराठी शब्द अक्षरशः समोर येऊन बसतात. विक्रम मोडणे, शब्द मोडणे, नियम मोडणे, ठरलेलं लग्न मोडणे: सगळीकडे ‘ब्रेक’ चालतो, लग्नाला फक्त ‘ऑफ’ जोडा. मोडकंतोडकं इंग्रजी म्हणजे ‘ब्रोकन इंग्लिश’. पाचशेची नोट मोडायची असेल तर ‘कॅन यू ब्रेक अ फाइव्ह हंड्रेड?’ असं विचारता येतं. भाकरीचा तुकडा मोडला जातो तसा ‘ब्रेड’ही ‘ब्रेक’ होतो, आणि मराठी ख्रिस्ती मंडळी ‘भाकर मोडणे’ म्हणतात तेव्हा तो ‘ब्रेकिंग ऑफ ब्रेड’च असतो. १६११ च्या इंग्रजी बायबलात या क्रियापदाचा भूतकाळ ‘ब्रोक’ नाही, ‘ब्रेक’च आहे, बी-आर-ए-के-ई अशा स्पेलिंगने. गाडीच्या ब्रेकचं स्पेलिंग तेच! येशूने भाकरीला ब्रेक लावला, असा अर्थ पहिल्यांदा वाचताना मी काढला होता. कबूल करते.

आपल्याकडची ‘काडीमोड’ मात्र मला कुठल्याही इंग्रजी शब्दापेक्षा आवडते. पंचांसमोर काडी मोडायची आणि नातं संपलं म्हणून जाहीर करायचं, अशी रीत होती, त्यावरून आलेला हा शब्द. आजची पोरं ‘ब्रेकअप’ म्हणतात. त्यात काडीही नाही आणि पंचही नाहीत, पण मोडणं तेवढं शिल्लक आहे.

कोर्टकचेरीचा मजकूर असेल तर मोडण्याच्या जागी ‘भंग’ येतो. वचनभंग, शांतताभंग, हक्कभंग. इंग्रजीत इथे बहुतेक वेळा ‘ब्रीच’ असतं, जो ‘ब्रेक’चाच भाऊबंद. पण डोळे मिटून जोड्या लावू नका. १९३० मध्ये शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला तो सविनय कायदेभंग. ‘सिव्हिल डिसओबीडियन्स’ या इंग्रजी नावात मात्र ‘ब्रेक’ कुठेच नाही. तिथे ‘आज्ञा न पाळणं’ आहे. आपण सरळ मोडतो. आणि या सगळ्या भंगांच्या गर्दीत ‘अभंग’ उभा आहे. जो मोडत नाही तो. तुकोबांच्या रचनेच्या नावातच ‘ब्रेक’चा नकार आहे, हे मी परदेशी पाहुण्यांना आवर्जून सांगते. भाषांतरात त्याचं काही करता येत नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तिसरं घर दोरीचं. काहीतरी अखंड चाललंय, त्यात मध्ये जागा पडली. टी ब्रेक, लंच ब्रेक, शाळेची मधली सुट्टी, दोन नोकऱ्यांमधलं रिकामं वर्ष, कवितेतली ओळ तुटते ती जागा. फोनवर ‘यू आर ब्रेकिंग अप’ म्हणजे ‘तुमचा आवाज तुटतोय’, शब्दाला शब्द. ‘ही ब्रोक ऑफ मिड-सेन्टेन्स’, बोलता बोलता तो थांबला. इथे नुकसान असेलच असं नाही. नुसती मधली मोकळी जागा असते.

आता तुमचं वाक्य घ्या. ‘ब्रेक इट डाउन’मध्ये कामाचा एक मोठा गोळा आहे, तो फोडायचाय. मराठीत खर्चाची फोड करतात, अवघड गोष्ट फोड करून सांगतात, तसंच. ‘ब्रेक फॉर लंच’मध्ये सकाळपासून चाललेली कामाची दोरी तुटणार आहे. लीड म्हणत होता, ‘जेवायला उठायच्या आत एवढ्याची फोड करून घेऊ.’ मोडलेलं काहीच नव्हतं.

त्या ‘डाउन’, ‘अप’, ‘आउट’ यांच्याबद्दल फार बोलत नाही. ते बहुतेक आपापला शब्दशः अर्थ सांभाळून असतात. ‘आउट’ला काहीतरी बाहेर पडतं: तुरुंग फोडून कैदी, अंगावर पुरळ, गावात साथ. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा ‘आउटब्रेक’ झाला. तिथल्या मांडवी भागातल्या रुग्णांवरून तो पहिल्यांदा ओळखला तो मूळ गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. ‘इन’ आणि ‘इन्टू’ला आत शिरणं. पण ‘ब्रोक इन्टू अ स्माइल’ म्हणजे हसू फुटलं, तिथे चोर नाही. ‘डाउन’ला मात्र दोन मुलं आहेत. एक फोड, जिचं नुकतंच बोलणं झालं. दुसरं कोसळणं: ट्रक रस्त्यात बंद पडला, बोलणी फिसकटली, माणूस ढासळला. ‘शी ब्रोक डाउन’ असं एखाद्या साक्षीच्या कागदात आलं तर ‘तिला रडू कोसळलं’ लिहा. ‘कोसळलं’मध्ये ते ‘डाउन’ आपोआप येतं.

आणखी एक जागा आहे जिथे इंग्रजी आंधळी आहे आणि मराठीला दिसतं. उपवास. ‘टु ब्रेक अ फास्ट’ म्हणजे उपास सोडणं की उपास मोडणं? एकादशी करून द्वादशीला पारणं फेडलं तर उपास सोडला. एकादशीलाच दुपारी चुकून शेव तोंडात टाकली तर उपास मोडला. पुण्य आणि पाप इतका फरक, आणि इंग्रजी दोन्हीला ‘ब्रेक’ म्हणून मोकळी. ‘ब्रेकफास्ट’ हा त्यातला सोडण्याचा अर्थ आहे: रात्रभराचं उपाशीपण सकाळी सुटतं. तोंडी बोलताना तो ‘ब्रेकफस्ट’ असा, पहिला ‘ए’ आखूड ठेवून म्हणतात. आपण देवनागरीत ‘ब्रेक’ आणि ‘ब्रेकफास्ट’ सारखंच लिहितो म्हणून तो लांबवतो.

देवनागरीचा खरा घोटाळा पुढे आहे. गाडीचा ब्रेक हा वेगळा शब्द, वेगळं स्पेलिंग. पण मराठीत दोन्ही ‘ब्रेक’, आणि मराठीने ते एकाच पोत्यात भरले. तरी पोतं बिनसलं नाही, कारण आपण सोबतच्या क्रियापदाने त्यांची वाटणी केली. नटाला चित्रपटात ब्रेक मिळाला, म्हणजे संधी मिळाली. त्याच्या कारकिर्दीला ब्रेक लागला, म्हणजे ती खुंटली. त्याने ब्रेक घेतला, म्हणजे तो गावी जाऊन झोपा काढतोय. मिळाला, लागला, घेतला. तीन क्रियापदं आणि तीन नशिबं. मधला ब्रेक गाडीचा आहे, बाकीचे दोन तुमच्या वहीतले. संधीच्या अर्थाचा ‘ब्रेक’ हा पुन्हा मडक्याचाच: कोंडी फुटली, वाट मिळाली. मराठी बातम्यांमधली ‘रस्त्याच्या कामाला ब्रेक’ छापाची वाक्यं इंग्रजीत नेताना ‘गॉट अ ब्रेक’ असं झालं तर कंत्राटदाराचं नशीब उघडल्यासारखं वाटतं. हे मी एका अहवालात छापून आलेलं पाहिलंय.

तीन वस्तूंची युक्ती कुठे चालत नाही, हेही सांगते.

‘वी हॅव ब्रोकन द बॅक ऑफ द वर्क.’ काडीच्या हिशेबाने गेलात तर ‘कामाचं कंबरडं मोडलं’, म्हणजे सगळा सत्यानाश. इंग्रजीत अर्थ बरोबर उलटा: कामाचा जड भाग उरकला, आता उरलंय ते सोपं. माणसाचं किंवा धंद्याचं ‘बॅक’ ब्रेक केलं तर मात्र कंबरडंच मोडतं. काम आणि माणूस यात फरक करा. कंपनीच्या ईमेलमध्ये हे वाक्य फार येतं, म्हणून ठळक लक्षात ठेवा.

‘ब्रेक द आइस’ म्हणजे अनोळखी माणसांमधला अवघडलेपणा घालवणं. हा गोठलेल्या नद्यांच्या मुलखातला वाक्प्रचार, जिथे नाव पुढे न्यायला आधी बर्फ फोडून वाट करावी लागते. आपल्याकडे बर्फ फोडतो तो सरबताच्या गाडीवरचा पोऱ्या. म्हणून ‘बर्फ फोडला’ असं कुणी लिहिलं की मला आधी कोकम सरबत आठवतं. दोन पक्ष बोलायला तयार नसतील तर ‘कोंडी फोडली’ म्हणा. दोन विहिणी पहिल्यांदा भेटत असतील तर ‘चहा झाला आणि बोलणं सुरू झालं’ एवढं पुरे.

‘ब्रेक अ लेग’ तर तुम्हाला माहीतच असेल: रंगमंचावर जाणाऱ्या नटाला शुभेच्छा. विसाव्या शतकातल्या अमेरिकी रंगभूमीवरून तो जगभर गेला. जर्मनमध्ये तर एकमेकांना मान आणि पाय दोन्ही मोडोत म्हणतात. कारण असं की तोंडाने चांगलं म्हटलं तर दैव ऐकतं आणि उलटं करतं. हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज पडू नये. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याचं नाव धोंडू, दगडू ठेवणारी आपली माणसं. बाळाच्या गालाला काळी तीट लावतो ती त्याच हिशेबाने. फक्त आपण दृष्ट चुकवायला वाईट नाव ठेवलं, पाय मोडायचा आशीर्वाद दिला नाही. आपल्या नाटकात नटराजाची पूजा होते, नारळ फुटतो आणि तिसरी घंटा. नारळ फुटतो! मोडत नाही.

आणि ‘ब्रेक अ लेग’ची ‘लेग ब्रेक’शी गल्लत नको. क्रिकेटमधला ‘ब्रेक’ म्हणजे टप्पा पडल्यावर चेंडूने बदललेली दिशा. उजव्या हाताच्या फलंदाजाच्या पायाच्या बाजूकडून बाहेर वळतो तो लेग ब्रेक. मुंबईच्या सुभाष गुप्ते यांनी १९५८ मध्ये कानपूरला वेस्ट इंडीजच्या एका डावात १०२ धावांत ९ बळी घेतले ते या चेंडूच्या जोरावर. एक मराठी भाषांतर मी वाचलंय ज्यात गोलंदाजाने ‘पाय मोडणारा चेंडू’ टाकला. स्नूकरमध्ये ‘ब्रेक’ म्हणजे एका खेपेत सलग मिळवलेले गुण, म्हणजे न तुटता चाललेली खेळी! कॅरममध्ये पहिला फटका. टेनिसमध्ये प्रतिस्पर्ध्याची सर्व्हिस ‘ब्रेक’ होते, तिला मराठी क्रीडापानांनी ‘भेदली’ हा शब्द दिला. तो मला तुटण्या-मोडण्या-फुटण्यापेक्षाही सरस वाटतो.

पैशांचं एक वेगळं बिऱ्हाड आहे. ‘आय अ‍ॅम ब्रोक’ म्हणजे खिसा रिकामा. ‘आय अ‍ॅम ब्रोकन’ म्हणजे मी मनाने खचलोय. एका ‘न’चा फरक, आणि महिनाअखेरीला साहेबांना चुकीचं वाक्य पाठवलं तर उसन्या पैशांऐवजी समुपदेशकाचा पत्ता मिळेल. ‘गो फॉर ब्रोक’ म्हणजे असेल नसेल ते सगळं पणाला लावणं. जुगाराच्या अड्ड्यावरची ही भाषा. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकी सैनिकांच्या ४४२ व्या तुकडीने तीच आपली घोषणा केली. ‘ब्रेक द बँक’ही तिथलाच: जुगाराच्या टेबलावरची सगळी रोकड एकाने जिंकून नेणं. १८९१ मध्ये चार्ल्स वेल्स नावाच्या इंग्रजाने मॉन्टे कार्लोला हे इतक्या वेळा केलं की तो गाजला. टेबलावरची रोकड संपली की त्यावर काळं कापड टाकायचे, नवे पैसे येईपर्यंत. पुढे १६ सप्टेंबर १९९२ ला पौंड कोसळला तेव्हा तो पडणार यावर पैसे लावून बक्कळ कमावलेल्या जॉर्ज सोरोस या गुंतवणूकदाराला बँक ऑफ इंग्लंड ‘ब्रेक’ करणारा माणूस म्हणू लागले. बँक बुडाली नव्हती, हे ध्यानात ठेवा. भाषांतरात ‘बँक फोडली’ लिहिलंत तर दरोडा होईल. रोजच्या बोलण्यात ‘इट वोन्ट ब्रेक द बँक’ म्हणजे ‘फार खर्च नाही येणार’, बस. आणि ‘ब्रेक ईव्हन’ म्हणजे ना नफा ना तोटा.

‘ब्रेक-इन’ म्हणजे घरफोडी. पण ‘ब्रेक इन’ नव्या चपलांबद्दल असेल तर? नवी कोल्हापुरी पहिले आठ दिवस चावते, मग पायाला बसते. ते चावणं सोसून तिला पायात मुरवणं म्हणजे ‘ब्रेक इन’. नव्या घोड्याचंही तेच आणि ऑफिसात नव्या पोराचंही. यासाठी मराठीत ‘रुळणे’ इतका नेमका शब्द आहे की इंग्रजीवाल्यांनी हेवा करावा. चप्पल रुळली, माणूस कामात रुळला.

उरला ‘ब्रेकवॉटर’चा प्रकार. मुंबईत मरीन ड्राइव्हला पडलेले चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे लाटेचा जोर ‘ब्रेक’ करतात. शेताच्या बांधावरची झाडं वाऱ्याचा, जंगलात गवत-झुडपं काढून मोकळी ठेवलेली पट्टी, म्हणजे जाळरेषा, वणव्याचा. इथे काहीच मोडत नाही, जोर मरतो. तीन वस्तूंपैकी एकही लागू पडत नाही. तेव्हा ‘रोखणे’ किंवा ‘अडवणे’ घ्या.

एक इशारा मात्र देऊन ठेवते. ही युक्ती इंग्रजीतून मराठीत येताना चालते, उलट्या दिशेने नाही. आपल्याकडे पालवी फुटते, आईला पान्हा फुटतो, दगडाला पाझर फुटतो, आणि २०२२ व २०२३ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं तसे आमदारही फुटतात. यातलं एकही ‘ब्रेक’ने इंग्रजीत जात नाही. झाडाला ‘स्प्राउट’ लागेल, पक्षाला ‘स्प्लिट’. ‘द एमएलएज् ब्रोक’ असं लिहिलंत तर सगळे एकदम कंगाल झाले असा अर्थ होईल.

तुम्हाला दिलासा म्हणून एक आकडा. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे ४३० अर्थ होते, आणि नव्या आवृत्तीसाठी कोशकारांनी ‘रन’चे मोजले ते ६४५. त्यांच्यापुढे तुमचा ‘ब्रेक’ लहान भाऊ आहे. कुठलाही इंग्रज हे सगळे अर्थ डोक्यात घेऊन फिरत नाही. तो फक्त समोर कुठली वस्तू आहे ते पाहतो.

आता वहीचं काय करायचं ते सांगते. नवं पान काढा आणि तीन उभे रकाने पाडा: दोरी, काडी, मडकं. रोज कामावर कानावर पडलेलं एकच ‘ब्रेक’चं वाक्य, पूर्ण वाक्य, कोण कुणाला म्हणालं त्यासकट, योग्य रकान्यात टाका आणि शेजारी तुम्ही घरी आईला तेच कसं सांगितलं असतंत ते लिहा. कुठेच बसत नसेल तर पानाच्या मागे लिहा. मागची यादी वीस वाक्यांच्या पुढे जाईल असं मला वाटत नाही. आणि बैठकीत अडलंच तर गप्प बसू नका. ‘स्प्लिट इट ऑर स्टॉप इट?’ एवढं विचारा. लीड दोनपैकी एक शब्द उचलेल आणि तुम्हाला कळेल की कागद पुढे ओढायचा की डबा.

तोच लीड कधी कपाळावर हात मारून ‘ओह, गिव्ह मी अ ब्रेक’ म्हणाला, तर मात्र त्याला सुट्टी नकोय. तो म्हणतोय, ‘पुरे आता, काहीतरीच काय!’